सोलापुरात वन्यजीव बचावावर जनजागृतीचे व्हिडिओ बनवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साप, घारी, पिंगळे, घोरपडी, मुंगसं, वटवाघळं ही सगळी सोलापुरात माणसाच्या शेजारीच राहतात. त्यांच्यातलं एखादं अडचणीत सापडलं की प्रशिक्षित माणूस पोहोचेपर्यंतची पहिली दहा-पंधरा मिनिटं घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या हातात असतात. तो जीव वाचणार की दगडाखाली जाणार, हे बहुतेक वेळा तेवढ्यातच ठरतं. खालची सगळी उत्तरं ही दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

साप पकडतानाचा थरार दाखवला तर लोक जास्त बघतात. मग तोच का दाखवू नये?

कारण बघणारा तेच शिकतो. शेपटी धरून नाग उचललेला दिसला की त्याच्या मनात दोनच गोष्टी राहतात: साप भयंकर असतो आणि तो हाताने पकडता येतो. या दोन्ही गोष्टी त्याच्या घरात साप निघेल त्या दिवशी घातक ठरतात. हुक कसा लावायचा, पिशवीत कसा घ्यायचा ही तंत्रं प्रशिक्षणात शिकवायची असतात. सार्वजनिक व्हिडिओत ती येऊच नयेत.

कायद्याची बाजूही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात पकडणं आणि सापळा लावणंही येतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सर्वसाधारण उल्लंघनासाठीची दंडाची कमाल रक्कम २५ हजारांवरून १ लाख रुपये झाली. हातात नाग घेऊन केलेला व्हिडिओ हा स्वतःविरुद्ध स्वतःच तयार केलेला पुरावा असतो.

त्यामुळे कॅमेरा घरच्यांवर ठेवा. मावशी दार कसं लावते, मुलांना बाहेर कसं नेते, फोनवर काय सांगते, हे दाखवा. साप फ्रेममध्ये पाच सेकंद असला तरी भागतं.

मिनिटभराच्या व्हिडिओची संहिता किती मोठी असावी?

स्पष्ट आणि सावकाश बोललं तर मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. त्याहून जास्त लिहिलं तर वाचणारा पळू लागतो आणि फोन नंबर नेमका ऐकू येत नाही. घरात निघालेल्या सापासाठी नमुना असा:

‘घरात साप दिसला? काठी शोधू नका. आहात तिथंच थांबा आणि हळूहळू दहा फूट मागं या. लहान मुलं आणि कुत्रं बाहेर न्या. आतल्या खोल्यांची दारं लावा, दाराखालच्या फटीत कापड कोंबा. बाहेर जायचा दरवाजा मात्र उघडा राहू द्या. एकानं लांबूनच सापावर नजर ठेवायची, दुसऱ्यानं वन विभागाच्या १९२६ वर फोन करायचा. पत्ता सांगताना चौक आणि ओळखीची खूण सांगा. साप कुठं शिरला तेही सांगा. फिनेल, रॉकेल, मिरचीचा धूर काही करू नका. साप वाटेनं निघून गेला तर जाऊ द्या.’

‘नजर ठेवा’ हे वाक्य काटछाटीत उडवू नका. साप कपाटामागे गेला की मोरीत, हे कुणी पाहिलं नसेल तर पकडायला आलेल्या माणसाला अख्खं घर उपसावं लागतं. तासभर शोधूनही साप सापडला नाही तर त्या घरात रात्री कुणी झोपत नाही, आणि पुढच्या वेळी फोनऐवजी काठीच हातात घेतली जाते.

पहिल्या तीन सेकंदांत नाव, लोगो, संगीत नको. थेट प्रश्न टाका. फोन नंबर मोठ्या अक्षरांत किमान पाच सेकंद दिसावा आणि तोंडानेही दोनदा सांगावा, तोही सुटे आकडे उच्चारून: एक, नऊ, दोन, सहा.

विषारी आणि बिनविषारी साप ओळखायला शिकवावं का?

नावं आणि माहिती जरूर द्या. पण ‘हा बिनविषारी आहे, घाबरू नका, हाताने काढा’ असा अर्थ निघेल असं काहीही नको. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार महत्त्वाचे विषारी साप. भारतात मिळणारं प्रतिसर्पविष या चारांच्याच विषावर तयार होतं. गोंधळ मात्र नेहमीच्या जोड्यांत होतो. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या दोघेही काळपट, दोघांवरही पांढरे पट्टे. मण्यारचे पट्टे शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात. विषारी घोणस आणि बिनविषारी डुरक्या घोणस यांच्यात नावापासूनच घोटाळा. अर्ध्या अंधारात, घाबरलेल्या माणसाला हे फरक दिसत नाहीत. म्हणून ही माहिती शाळेसाठीच्या तीन-चार मिनिटांच्या वेगळ्या व्हिडिओत, चित्रांसह द्या. मिनिटभराच्या व्हिडिओत नियम एकच: प्रत्येक साप विषारी समजून लांब थांबा.

धामणीवर मात्र खास व्हिडिओ करा. उंदीर खाणारा हा मोठा साप नुसत्या लांबीमुळे मारला जातो. आणि ‘धामण म्हशीचं दूध पिते’ हा समज अजूनही गोठ्यागोठ्यात आहे. सापाच्या तोंडाची रचना चोखण्यासाठी नसतेच, एवढं एक वाक्य पुरतं.

सर्पदंशाबद्दल किती सांगावं?

थोडंच, पण चूक न करता. चावलेल्या माणसाला हलू देऊ नका, अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सिव्हिलला न्या. चिरा देणं, रक्त चोखणं, दोरीने आवळणं, मांत्रिकाकडे नेणं नको. साप मारून सोबत आणायची गरज नाही. डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. मण्यारचा दंश बहुधा रात्री झोपेत होतो आणि दुखत नाही, म्हणून पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात अशी तक्रार आली तरी दवाखाना गाठा, हे आवर्जून सांगा. जमिनीवर झोपणाऱ्या घरांसाठी मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा हा सल्लाही द्या. संहिता प्रसिद्ध करण्याआधी एखाद्या डॉक्टरांकडून वाचून घ्यायलाच हवी.

चित्रीकरण करताना किती अंतर ठेवायचं?

सापापासून दहा फूट, हे कमीत कमी. चित्रीकरण करणारा एकटा नको. स्क्रीनमध्ये डोकं घातलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही, म्हणून शेजारी एकजण फक्त प्राण्याकडे बघत उभा हवा. प्राण्याची निघून जायची वाट आणि आपण कधीही एका रेषेत येऊ नये. बचाव करणाऱ्याच्या मागे, थोडं बाजूला उभं राहा आणि त्याने ‘बंद करा’ म्हटलं की कारण न विचारता बंद करा. ‘परत एकदा पिशवीतून काढा, नीट आलं नाही’ अशी विनंती कधीच करू नका. आधीच घाबरलेल्या प्राण्याला ते दुसऱ्यांदा पकडल्यासारखंच असतं.

घुबडं, पिंगळे, वटवाघळं यांच्यावर फ्लॅश किंवा एलईडी लाइट मारू नका. चित्र काळं आलं तरी चालेल. वर निवेदन घाला.

पक्ष्यांच्या व्हिडिओत कुठल्या चुका होतात?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चांगला हेतू आणि चुकीचं प्रात्यक्षिक. चिमुकल्या चोचीत ड्रॉपरने पाणी सोडणारा व्हिडिओ लोकांना फार आवडतो. पण पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. बाहेरून सोडलेलं पाणी त्यात जातं आणि पक्षी काही मिनिटांत गुदमरून किंवा दोन दिवसांत न्यूमोनियाने मरतो. दूध, पाव, भिजवलेली चपाती, शिजवलेला भात हेही नको.

दाखवायचं ते असं. बुटांचा खोका घ्या. पक्षी ठेवण्याआधीच पेन्सिलच्या जाडीची आठ-दहा भोकं पाडा, तीही आतून बाहेर, म्हणजे पुठ्ठ्याच्या टोकदार कडा आत राहत नाहीत. तळाला सुती कापड अंथरा. आपल्या गावचा टर्किश टॉवेल हाताशी असतो, पण त्याच्या धाग्यांच्या फासांत पक्ष्यांची नखं अडकतात आणि सोडवताना बोट मुरगळतं. जुनं धोतर किंवा साधी चादर बरी. खोका बंद करून अंधाऱ्या, शांत, गार जागी ठेवा. दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका. मग १९२६ ला फोन.

घार असेल तर खोका किमान दीड फुटाचा हवा. मागून अंगावर जाड कापड टाकून पंख अंगाशी आणायचे. घारीची चोच दिसते म्हणून माणूस चोचीला जपतो, पण खरी इजा नख्यांनी होते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की उन्हाने मलूल झालेले पक्षी अंगणात, गच्चीवर पडतात. त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतू नये. सावली, खोका आणि शेजारी उथळ वाटीत पाणी, इतकंच.

दुसरी चूक पिल्लांची. पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं बुलबुलाचं किंवा साळुंखीचं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते बहुतेक वेळा हरवलेलं नसतं. उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच्या तारेवर असतात. त्याला जवळच्या फांदीवर ठेवून, मांजर-कुत्रं हटवून, तीस-चाळीस फुटांवरून तासभर बघायचं. पिसं नसलेलं पिल्लू असेल तर घरट्यात परत ठेवा. घरटं मोडलं असेल तर तळाला भोकं पाडलेली छोटी टोपली गवत घालून त्याच फांदीला बांधा. ‘माणसाचा हात लागला की आई टाकून देते’ हे खरं नाही. या एका गैरसमजावर वेगळा व्हिडिओ होण्याइतकी पिल्लं दरवर्षी उगाच घरी नेली जातात.

मांजावरचा व्हिडिओ कधी टाकायचा?

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. संक्रांतीच्या दिवशी टाकलेल्या व्हिडिओचा उपयोग नाही, तोवर चकऱ्या विकत घेऊन झालेल्या असतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, हे त्यात सांगा. दुसरा व्हिडिओ संक्रांतीनंतर आठवड्याभराने हवा, कारण झाडांत अडकलेला मांजा महिनोन्‌महिने कुजत नाही आणि पक्षी पुढे कितीतरी दिवस त्यात अडकत राहतात. पोरांना काठीला गुंडाळून मांजा गोळा करायला सांगा आणि गोळा झालेला बारीक तुकडे करून टाकायला दाखवा. अख्खा गुंडा कचऱ्यात टाकला तर कचराकुंडीवर बसणाऱ्या घारी-कावळ्यांच्या पायात येतो.

अडकलेल्या पक्ष्याचा मांजा ओढायचा नाही. पक्ष्याला कापडात धरून दोन्ही बाजूंनी कापायचा आणि जखमेत रुतलेला भाग तसाच ठेवून डॉक्टरांकडे न्यायचं. पक्षी विजेच्या तारेवर असेल तर बांबू लावणं म्हणजे जीवावर बेतणं: आधी वीज कंपनीचा १९१२, उंच झाडावर असेल तर अग्निशमन दलाचा १०१.

जानेवारीतच गड्ड्याची यात्रा असते. होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, तळं शेजारीच आहे. त्या रात्री भांबावून खाली आलेल्या पक्ष्यासाठी काय करावं, यावर तीस सेकंदांचा व्हिडिओ यात्रेआधी तयार ठेवा.

बाकी वर्षात कशावर व्हिडिओ करावेत?

मार्च ते मे उन्हाचा फटका आणि पडलेली पिल्लं. जून ते ऑगस्ट घरात येणारे साप. श्रावणात नागपंचमीआधी गारुड्यांकडच्या नागांवर: दात काढलेला, अनेक दिवस तहानलेला नाग समोर येईल ते पितो, म्हणून तो दूध पिताना दिसतो. दिवाळीआधी घुबडांवर, कारण लक्ष्मीपूजनाच्या सुमारास जादूटोण्यासाठी त्यांची तस्करी होते. ऊसतोडीच्या हंगामात शहरालगतच्या शेतांत रानमांजराची पिल्लं सापडतात आणि बिबट्याची म्हणून उचलून आणली जातात. थंडीत हिप्परगा तलावावर स्थलांतरित पक्षी असतात; पर्यटकांसाठी अंतराचे नियम सांगायला तो काळ योग्य.

उंदरांसाठीच्या चिकट पट्ट्यांवर मात्र बारा महिने बोला. त्यात पाली, चिमण्या, लहान साप अडकतात. ओढून काढलं की कातडी सुटते. उघड्या गोंदावर कागदाचे तुकडे किंवा पीठ टाकून आणखी चिकटणं थांबवायचं आणि पट्टीसकट प्राणी खोक्यात ठेवून न्यायचा. तो साप असेल तर हे सगळं बचाव करणाऱ्यावर सोडा, लांबच थांबा.

मोबाइल पुरतो का? सेटिंग काय ठेवावं?

पुरतो. १०८० पी, सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने ३० किंवा ६० फ्रेमवर ट्यूबलाइट आणि एलईडीच्या उजेडात चित्रात काळे पट्टे सरकतात. २५-५० फ्रेमची सोय नसेल तर प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा. एका मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा लागते, त्यामुळे किमान ५ जीबी रिकामी असू द्या. बोटांनी ताणून केलेला झूम दुपटीच्या पुढे नेला की चित्र फुटतं. वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तरच पुढे जा.

उन्हाळ्यात फोन तापून कॅमेरा आपोआप बंद होतो. बऱ्याच फोनची मर्यादा हवेत ३५ अंशांची असते, आणि आपल्याकडे मार्चमध्येच ती ओलांडते. कव्हर काढा, फोर-के टाळा, स्क्रीनचा उजेड कमी करा, दोन शॉटच्या मध्ये फोन सावलीत ठेवा. गरम फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत बाष्प धरतं.

आवाज घुमतो. काय करावं?

दोन सोलापुरी चादरी. एक समोर दोरीवर, एक पाठीमागे, मध्ये बसून बोला. जाड विणीमुळे भिंतींवरून परतणारा आवाज बराच दबतो. पंखा बंद. कॉलर माइक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर आणि त्यावर स्पंजची टोपी. यंत्रमागाच्या वस्तीत राहत असाल तर आतल्या खोलीत, दारं-खिडक्या लावून रेकॉर्ड करा. मागांची खटखट एडिटिंगमध्ये पूर्ण जात नाही आणि काढायला गेलं की माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

मराठी पुरेशी आहे का?

सोलापुरात नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, शिवाय उर्दू आणि दख्खनी. तेलुगूत पामु, कन्नडमध्ये हावु, हे दोन शब्द पडद्यावर आले तरी घरातली आजी थांबून बघते. चित्रं तीच ठेवून निवेदन चार भाषांत करा. भाषांतर त्या घरात वाढलेल्या माणसाकडूनच करून घ्या. मराठी निवेदनही पुस्तकी नको: ‘सर्प निदर्शनास आल्यास’ असं गल्लीत कुणी बोलत नाही.

पडद्यावर जोडाक्षरं तुटतात, ‘र्‍हस्व’-‘दीर्घ’ चुकीचे दिसतात. उपाय?

जुने बिगर-युनिकोड फॉन्ट वापरू नका. मुक्ता, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत फॉन्ट टाका. तरीही ॲपमध्ये अक्षरं फुटली तर मजकुराचं पारदर्शक चित्र वेगळं बनवून व्हिडिओवर चढवा. एका वेळी दोनच ओळी, किमान दोन सेकंद. उभ्या व्हिडिओत खालचा पाव भाग मोकळा सोडा, तिथे ॲपची बटणं येतात आणि नेमका नंबर झाकला जातो.

खऱ्या प्राण्याशिवाय प्रसंग कसा दाखवायचा?

सापासाठी चार फूट जुना पाण्याचा पाइप, पिल्लासाठी कापूस भरलेला मोजा. कोपऱ्यात ‘प्रात्यक्षिक’ असं लिहा. पकडलेला साप चित्रीकरणासाठी घरात सोडणं हा गुन्हाही आहे आणि क्रौर्यही. एआयने बनवलेले प्राणी वापरू नका; नागाला घोणशीचे ठिपके येतात आणि चुकीची ओळख पसरते.

नेमकं ठिकाण सांगावं का?

नाही. मांडूळ, घुबड, पोपटाची पिल्लं, घोरपड यांच्या मागावर असलेले लोक हेच व्हिडिओ बघतात. कॅमेऱ्यातली लोकेशनची नोंद बंद करा, मागे दिसणारी दुकानाची पाटी, मंदिराचा कळस, गाडीचा नंबर धूसर करा. घरटं आणि सुटका केल्यानंतर प्राणी सोडला ती जागा दाखवूच नका. महिना आणि वर्ष मात्र ठळक लिहा, नाहीतर तोच व्हिडिओ तीन वर्षांनी ‘आत्ता जुळे सोलापुरात’ म्हणून फिरतो.

परवानग्या कोणत्या लागतात?

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून संरक्षित आहे. तिथे चित्रीकरणासाठी वन विभागाची लेखी परवानगी लागते. ड्रोन उडवण्याआधी सरकारचा ड्रोनसाठीचा ‘डिजिटल स्काय’ नकाशा पाहा, होटगी रस्त्यावरच्या विमानतळामुळे शहराचा मोठा भाग निर्बंधात येतो. घरट्यांजवळ तर परवानगी असली तरी ड्रोन नको. घरात चित्रीकरण केलं तर घरमालकाचा होकार रेकॉर्ड करा. लहान मुलांचे चेहरे पालकांच्या संमतीशिवाय नकोत.

व्हॉट्सॲपवर पाठवला की चित्र खराब होतं.

डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा व्हिडिओ मिनिटाच्या आत असावा. शाळांसाठी आडवा वेगळा काढा, प्रोजेक्टरवर उभा व्हिडिओ पट्टीएवढा दिसतो.

‘हे पिल्लू मला पाळायला द्या’ अशा प्रतिक्रिया येतात. काय उत्तर द्यावं?

रागावू नका, विचारणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं. एक मजकूर तयार ठेवा: ‘पोपट, घुबड, मुंगूस, घोरपड हे वन्यजीव पाळणं कायद्याने गुन्हा आहे. तुमच्याकडे आधीच असेल तर १९२६ वर सांगा.’ ‘मारून टाकायचा होता’ अशा प्रतिक्रिया काढून टाकण्याआधी एकदा उत्तर द्या. वाचणारे इतरही असतात.

व्हिडिओचा उपयोग झाला हे कसं कळेल?

लाइक मोजून नाही. बचाव करणाऱ्यांना प्रत्येक फोनवेळी तीन गोष्टी वहीत टिपायला सांगा: प्राणी जिवंत होता का, कुणी आधी हात लावला होता का, आणि नंबर कुठून मिळाला. तीन महिन्यांनी या वहीवरून पुढची संहिता लिहा. लोक साप मारत नाहीत पण पिल्लांना दूध पाजतातच, असं दिसलं तर पुढचा व्हिडिओ दुधावर.

जुना व्हिडिओ कधी काढून टाकावा?

त्यातला नंबर बदलला त्या दिवशी. म्हणूनच व्हिडिओत व्यक्तींचे खासगी नंबर न टाकता १९२६ सारखे कायमचे नंबर टाकावेत. स्थानिक बचाव करणाऱ्यांचे नंबर वर्णनात, त्यांच्या होकाराने द्या आणि दर सहा महिन्यांनी स्वतः फोन लावून ते चालू आहेत का बघा.